खरखरीशी भांडलेला माणूस

सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम आपल्यापैकी कोणाला येत नाही? अँटेना, मिक्सर, लोकल ऑसिलेटर, आयएफ अ‍ॅम्प्लिफायर, डिटेक्टर, स्पीकर. पट्टीने चौकोन काढायचे, बाण जोडायचे आणि आठ मार्क खिशात घालायचे. ते चौकोन कोणाच्या डोक्यातून निघाले हे पेपरात येत नाही, म्हणून आपणही विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात नरनाळ्याच्या उतारावर वीस मिनिटं जीव टांगणीला लागला, तेव्हा विचारायची वेळ आली.

झालं असं, की हॉस्टेलचे आम्ही सात पोट्टे नरनाळा किल्ला पाहायला निघालो. मी मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णेचं पात्र आणि असदगडाचा बुरूज पाहत वाढलेला, त्यामुळे किल्ला म्हटलं की मी सगळ्यांच्या पुढे. अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात नऊशे मीटरांहून जास्त उंचीवर बसलेला हा किल्ला आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. शहानूरच्या नाक्यावर नोंद करायची, वनखात्याचा माणूस सोबत घ्यायचा आणि मग वर जायचं. दरीत शिरलं की मोबाइलची रेंज राम म्हणते. हे माहीत होतं म्हणून आम्ही आधीच वर्गणी काढून वॉकीटॉकीची एक जोडी मागवली होती. खोक्यावर छापलं होतं, सोळा किलोमीटर. आम्ही पोटभर विश्वास ठेवला.

उतरताना दोघं मागे राहिले. त्यातल्या एकाचा पाय मुरगळला. एक संच त्यांच्याजवळ, दुसरा आमच्याजवळ आणि मधे डोंगराची एक सोंड. अंतर किलोमीटरभरही नसेल. पण आमच्या संचातून नुसती खरखर. मधेच अर्धा शब्द, पुन्हा खरखर. बटन दाबून दाबून अंगठा दुखला. शेवटी सोबतच्या वनरक्षकाने कमरेचा संच काढला, शांतपणे दोन वाक्यं बोलला आणि नाक्यावरून माणसं निघालीसुद्धा. पोरगा खाली आला, पाय बांधला, चहा झाला. मग वनरक्षकाने आमची जोडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि लायसन आहे का म्हणून विचारलं. आमच्या माना खाली.

सुटीत ते दोन्ही संच घेऊन मी जुन्या शहरात घरी गेलो. आमच्या गल्लीत एक काका आहेत, ट्रान्झिस्टरच्या जमान्यापासून रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी स्क्रू काढले, भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की माल अगदीच टाकाऊ नाही, पण घेताना तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारला. संच किती लांब ओरडतो हे विचारायचं नसतं, तो किती बारीक ऐकतो हे विचारायचं असतं. आणि बारीक ऐकायची विद्या ज्याने जगाला दिली त्याचं नाव तरी माहीत आहे का, असं विचारून उत्तरही त्यांनीच दिलं. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला नव्हे, हा त्याच्या कितीतरी आधीचा. परत आल्यावर लायब्ररीत आणि इकडेतिकडे जे सापडलं ते वाचत गेलो. त्या माणसाची ही गोष्ट.

मनोऱ्यावर चढणारा मुलगा

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या कामावर, आई पूर्वी शाळेत शिकवायची. लहानपणीच त्याला स्नायूंना झटके आणणारं एक दुखणं झालं आणि दोन वर्षं शाळा सुटली. खांदा आणि मान उडवायची लकब मग आयुष्यभर राहिली. घरात एकटा पडलेला हा पोरगा यंत्रांशी गट्टी करून बसला. पुढे कुटुंब हडसन नदीच्या काठी याँकर्स या गावी राहायला गेलं. वडिलांनी लंडनहून शोधांच्या गोष्टींचं एक पुस्तक आणलं, त्यात मार्कोनीबद्दल वाचलं आणि चौदाव्या वर्षी याने ठरवून टाकलं की आपण संशोधक व्हायचं.

त्या काळचे बिनतारी संच अगदी क्षीण. कानाला हेडफोन लावून, श्वास रोखून ऐकलं तर कुठे टिकटिक कळायची. म्हणून या पठ्ठ्याने घरामागच्या अंगणात सुमारे १२५ फूट उंच अँटेनाचा खांब उभा केला आणि स्वतःला दोराच्या पाळण्यात बसवून वर ओढून घेत तो तारा बांधायचा. उंचीची भीती त्याला कधी वाटलीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला दाखल झाला. हॉस्टेलवर नव्हता हो, डे-स्कॉलर! रोज घरून लाल रंगाच्या मोटारसायकलवर यायचा. मायकेल प्यूपिन यांच्यासारखे नावाजलेले प्राध्यापक तिथे होते. हा मात्र पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायचं या पंथातला नव्हता. आधी करून पाहायचं, मग मानायचं. काही सरांना तो आवडायचा, काहींना मुळीच नाही. असा एकेक नमुना प्रत्येक बॅचला असतोच.

त्या वेळी ली डी फॉरेस्टने १९०६ साली बनवलेला ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह बाजारात होता, पण तो आतून नेमकं काय करतो हे कोणालाच नीट उमगलं नव्हतं. आर्मस्ट्राँगने त्याची मोजमापं घेतली. १९१२ मध्ये त्याला सुचलं की व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग पुन्हा आत सोडला तर तोच सिग्नल पुन्हापुन्हा वाढत जाईल. तसंच झालं. जी टिकटिक हेडफोनमधून मुश्किलीने कळायची ती खोलीभर ऐकू येऊ लागली. हीच ती रिजनरेशनची मंडली. शिवाय हा परतावा एका मर्यादेपलीकडे वाढवला की मंडल स्वतःच लहरी निर्माण करतं, म्हणजे रिसीव्हरचा ट्रान्समीटर होतो, हेही त्याने ओळखलं. तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता. वय २१.

पेटंटसाठी पैसे नव्हते. आधी डिग्री हातात घे, मग बघू, असा वडिलांचा खाक्या. मग काकामामांचा सल्ला घेऊन त्याने आकृती काढली आणि ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीचा शिक्का मारून घेतला. पेटंटचा अर्ज गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. या उशिरात पुढच्या सगळ्या दुःखाचं बी पडलं. डी फॉरेस्टने ही युक्ती आपलीच असल्याचा दावा केला आणि हे भांडण सुमारे वीस वर्षं कोर्टात फिरत राहिलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. बहुतेक रेडिओ इंजिनिअरांच्या मते कोर्टाला मंडलच कळलं नव्हतं. या शोधासाठी इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने आर्मस्ट्राँगला पूर्वीच पदक दिलं होतं. निकालानंतर तो ते परत करायला त्यांच्या अधिवेशनात गेला. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. कोर्टात हरला, वर्गात जिंकला, असं म्हणू या.

पॅरिसमधला चौकोनांचा जन्म

पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला गेला. पुढे मेजर झाला आणि लोक त्याला शेवटपर्यंत मेजरच म्हणत राहिले. तिथे प्रश्न होता फार उंच फ्रीक्वेन्सीच्या क्षीण लहरी पकडण्याचा. त्या वेळच्या व्हॉल्व्हना उंच फ्रीक्वेन्सी झेपत नसे. आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये उलटा विचार केला. व्हॉल्व्हला लहरीपर्यंत चढवण्यापेक्षा लहरीलाच खाली उतरवावं. आलेल्या लहरीत संचाने स्वतः तयार केलेली दुसरी लहर मिसळायची, दोन्हींच्या फरकाएवढी तिसरी लहर काढायची आणि ती एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर निवांत वाढवायची, गाळायची. झाला आपला आठ मार्कांचा प्रश्न तयार! फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकी हेही याच वाटेवर होते आणि लेव्हीने पेटंटवर हक्कही सांगितला, हे सांगितलं पाहिजे. पण ती कल्पना चालत्याबोलत्या रिसीव्हरपर्यंत नेली ती आर्मस्ट्राँगने.

वॉकीटॉकीसाठी याचा अर्थ काय? जंगलात तुमच्या संचाला हवा असलेला आवाज सुईच्या टोकाएवढा असतो आणि आजूबाजूला नको त्या लहरींचा बाजार भरलेला असतो. त्या बाजारातून एकच आवाज निवडून काढणारं नाक म्हणजे ही आयएफची गाळणी. स्वस्त संचात काटकसर होते ती बरेचदा इथे. माहितीपत्रकात संवेदनशीलता मायक्रोव्होल्टमध्ये दिलेली असते. आकडा जितका लहान तितका संचाचा कान तिखट. आम्ही घेतलेल्या जोडीच्या खोक्यावर तो आकडाच नव्हता. किलोमीटर मात्र ठळक होते.

युद्धानंतर पेटंटं विकून आर्मस्ट्राँग श्रीमंत झाला. वेस्टिंगहाउसने ३,३५,००० डॉलर दिले. पुढे सुपररिजनरेशन नावाच्या आणखी एका शोधाच्या बदल्यात आरसीए कंपनीने पैसे आणि शेअर दिले, इतके की तो तिचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक ठरला. आरसीएचे डेव्हिड सार्नॉफ त्याचे मित्र. त्यांच्याच ऑफिसात सेक्रेटरी असलेल्या मॅरियन मॅकइनिसच्या प्रेमात हा पडला. १९२३ मध्ये आरसीएच्या इमारतीवरच्या अँटेनाच्या मनोऱ्यावर हा चढला आणि टोकावरच्या गोळ्यावर जाऊन बसला. फोटो काढून घेतले! सार्नॉफ भडकले. त्याच वर्षी १ डिसेंबरला लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने मॅरियनला काय दिलं असेल? सोबत नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ. समुद्रकिनाऱ्यावर दोघं त्या पेटीशेजारी बसलेले आहेत असा फोटो आजही पाहायला मिळतो. कुठेही घेऊन जायच्या रेडिओची सुरुवात अशी प्रेमातून झाली.

खरखरीचा बंदोबस्त

आता मुख्य भांडण. ज्यांनी लहानपणी पावसाळ्यात मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली असेल त्यांना आठवेल, लांब कुठेतरी वीज चमकली की रेडिओत कडकड वाजायचं. कारण एएममध्ये आवाज असतो लहरीच्या उंचीत. वीज, मोटारीची ठिणगी, मिक्सर, सगळे त्या उंचीतच ढवळाढवळ करतात. रिसीव्हरला बिचाऱ्याला आवाज कोणता आणि कचरा कोणता ते कळत नाही. त्या काळचे शहाणे लोक म्हणत, या खरखरीसोबतच जगायचं.

आर्मस्ट्राँगने या एका प्रश्नावर दहा वर्षं घातली. आवाज उंचीत ठेवायचाच नाही, लहरीच्या फ्रीक्वेन्सीत ठेवायचा, हा फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचा विचार नवा नव्हता. पण १९२२ मध्ये जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञ इंजिनिअरने कागदावर दाखवलं होतं की त्यात काही फायदा नाही. होय, आपल्या कार्सन्स रूलवालाच कार्सन. गणित बरोबर होतं, पण ते अरुंद पट्टी धरून मांडलेलं होतं. आर्मस्ट्राँगने पट्टी भरपूर रुंद केली आणि रिसीव्हरमध्ये लिमिटर बसवला. आपल्या वऱ्हाडात तुरीचे शेंडे खुडतात ना, तसं लिमिटर लहरीचे शेंडे खुडून सगळी उंची एकसारखी करतो. विजेने केलेली गडबड शेंड्यात असते, ती खुडली जाते. आवाज फ्रीक्वेन्सीत असतो, तो सुखरूप राहतो. २६ डिसेंबर १९३३ रोजी एफएमची पेटंटं त्याच्या नावावर झाली.

त्याने सार्नॉफना बोलावून दाखवलं. मग १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या. सुमारे ११० किलोमीटरवर, वादळी हवेतसुद्धा एफएमचा आवाज स्वच्छ आला, एएमचा खरखरीत बुडाला. पण आरसीएचं मन टेलिव्हिजनकडे लागलं होतं आणि त्यांचा सगळा धंदा एएमवर उभा होता. १९३५ मध्ये त्यांनी आर्मस्ट्राँगला आपलं सामान इमारतीवरून काढायला सांगितलं. त्याच नोव्हेंबरात त्याने इंजिनिअरांच्या सभेत स्वतःच प्रात्यक्षिक केलं. दूर याँकर्सला मित्राच्या घरी कागद फाडला, ग्लासात पाणी ओतलं, आणि ते पाणी सभागृहात जसंच्या तसं ऐकू आलं. मग गाठची पुंजी खर्चून न्यू जर्सीत अल्पाइन येथे चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला आणि स्वतःचं एफएम केंद्र चालवलं. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर देऊ केले, पण रॉयल्टीची अट त्यात नव्हती. दुसऱ्या कंपन्या रॉयल्टी देत होत्या. सगळ्यांना एक न्याय, म्हणून त्याने ते नाकारले. इथे तो हट्टाने चुकला की तत्त्वाने बरोबर वागला, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झालेला आहे. निकाल लागलेला नाही.

सैन्याने काय निवडलं

आता आपल्या मूळ विषयावर येऊ. हातात किंवा पाठीवर न्यायचा संच कोणता निवडावा, हा प्रश्न नरनाळ्यावर आम्हाला पडायच्या कितीतरी आधी सैन्याला पडला होता. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी दोन्हीकडून बोलता येणारी राज्यभराची एफएम यंत्रणा उभी केली. ती बांधणाऱ्यांपैकी डॅनियल नोबल हे पुढे शिकागोच्या गॅल्विन कंपनीत गेले. हीच नंतरची मोटोरोला. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीचे दोन संच गाजले. एक एससीआर-५३६, हातात धरायचा, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, एएमवर चालणारा, जमिनीवर पल्ला दीड किलोमीटरच्या घरात. दुसरा एससीआर-३००, पाठीवर बांधायचा, बॅटरीनुसार साडेचौदा ते सतरा किलो, ४० ते ४८ मेगाहर्ट्झवरचा एफएम, पल्ला पाचेक किलोमीटर. वॉकीटॉकी हे नाव रूढ झालं ते या दुसऱ्याबरोबर.

गंमत पाहा. दोन्ही संचांची बाहेर पडणारी शक्ती जवळपास सारखीच होती, वॅटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तरी पल्ल्यात तिपटीचा फरक. पट्टी वेगळी, अँटेना वेगळी, यांचा वाटा आहेच. पण ऐकणाऱ्या बाजूला एफएमचा लिमिटर होता हाही मोठा वाटा. म्हणजे आमच्या गल्लीतल्या काकांचं म्हणणं लढाईच्या मैदानात आधीच सिद्ध झालं होतं. ओरडणं सारखं, ऐकणं वेगळं.

आणि युद्धासाठी लागणाऱ्या या सगळ्या एफएम संचांवर आर्मस्ट्राँगने रॉयल्टी घेतली नाही. पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. तेव्हा त्याचा स्वतःचा पैसा आटत चालला होता, तरीही.

शेवट

युद्ध संपत आलं आणि फासे उलटे पडले. २७ जून १९४५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एफएम प्रसारणाची पट्टी ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून वर नेली, आजच्या ८८ ते १०८ च्या जागी. लोकांनी घेतलेले लाखो जुने एफएम रेडिओ आणि उभारलेली केंद्रं एका फटक्यात निरुपयोगी ठरली. दुसरीकडे टेलिव्हिजनच्या आवाजासाठी एफएमच वापरलं जात होतं आणि रॉयल्टी मिळत नव्हती. १९४८ मध्ये त्याने आरसीए आणि एनबीसीवर दावा लावला. समोर वकिलांची फौज, हा एकटा. तारखांवर तारखा पडत गेल्या. डिसेंबर १९५० मध्ये मूळ पेटंटांची मुदतही संपली. पैसा संपला, तब्येत गेली. तो सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त खटल्याचं बोलायचा. मॅरियनने आता तडजोड करून शांतपणे जगू या म्हणून सुचवलं, ते त्याला सोसलं नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये रागाच्या भरात त्याचा हात तिच्यावर उठला. ती बहिणीकडे निघून गेली.

ज्या तारखेला एकेचाळीस वर्षांपूर्वी त्या पोरसवदा विद्यार्थ्याने आपल्या आकृतीवर नोटरीचा शिक्का मारून घेतला होता, त्याच ३१ जानेवारीच्या रात्री, १९५४ मध्ये, मेजर आर्मस्ट्राँगने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ६३. बायकोच्या नावे एक चिठ्ठी होती, तिला दुखावल्याची खंत व्यक्त करणारी.

मग मॅरियन उभी राहिली. त्याच वर्षी आरसीएने दहा लाख डॉलरांहून थोडी जास्त रक्कम देऊन तडजोड केली. उरलेल्या कंपन्यांशी ती एकेक करून लढत राहिली आणि एकेक करून जिंकली. शेवटचा खटला १९६७ मध्ये संपला. समोर कोण होतं? मोटोरोला. ज्या संचाने त्या कंपनीचं नाव युद्धात गाजवलं, त्यातल्या एफएमचा मान आर्मस्ट्राँगच्या पदरात पडायला त्याच्या मरणानंतर तेरा वर्षं लागली.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, की अजून थोडे दिवस कोणी त्याच्याजवळ बसायला हवं होतं. जगातली सगळ्यांत क्षीण लहर ऐकू येईल असं यंत्र करणाऱ्या माणसाला घरातल्या माणसाचा आवाज ऐकू येईनासा झाला. आपल्या कॉरिडॉरमध्येही कधी एखादा बॅकलॉगच्या, नाहीतर घरच्या काळजीत असाच आत आत जात असतो. त्याच्या खोलीचं दार वाजवायला लायसन लागत नाही.

मग संच कोणता घ्यायचा?

लायसनवरून आठवलं. आधी हे सांगतो की आपल्याकडे शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपले. बाहेरच्या देशांत शिकारी असे संच बाळगतात, आपल्या मेळघाटात ते शिकाऱ्याला पकडणाऱ्याच्या कमरेला असतात. आपल्यासारख्या डोंगर चढणाऱ्यांनी घ्यायचे झाले तर या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कायदा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीत कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरायची मुभा २०१८ च्या नियमांनी दिली आहे, पण संचाला सरकारी टाइप अप्रूव्हल हवं. बाकी बहुतेक पट्ट्या परवानावाल्यांच्या. स्वस्त मिळाला म्हणून कुठल्याही पट्टीवर बोलणारा संच घेऊन जंगलात गेलो तर वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या कामात आपणच खरखर होऊ.

दुसरी, किलोमीटर. सूत्र सोपं आहे. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. तोंडाजवळ दीड मीटरवर संच धरलेली दोन माणसं सपाट रानात जेमतेम दहा किलोमीटर. नरनाळा मैदानापासून सहाशे मीटर उंच धरला, तर वरून शंभरेक किलोमीटरचं क्षितिज. तेव्हा खोक्यावरचे सोळा किलोमीटर अगदी खोटे नव्हते. पण ते उंचावरून मोकळ्या मैदानाकडे बोलणाऱ्याचे होते. मधे डोंगराची सोंड आली की कसले सोळा आणि कसला एक! खिशातून वॅट वाढवून सोंड फुटत नाही. मोकळ्या जागेतसुद्धा पल्ला दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. त्यापेक्षा पन्नास पावलं वर चढा. वनखात्यासारख्यांचे संच दरीतून बोलू शकतात याचं एक कारण उंचावर बसवलेला रिपीटर हे असतं.

तिसरी, पट्टी आणि अँटेना. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटर लांब, ४५० ची पाऊण मीटरहूनही कमी. झाडोऱ्यातून आणि टेकडीच्या कडेवरून लांब लहर थोडी बरी वळते. पण तिला पाव लहरीची अँटेना म्हणजे अर्धा मीटर हवी, आणि ती पट्टी परवान्याची. आपल्या वाट्याला छोटी लहर येते, तेव्हा बोलताना संच उभा धरा आणि तो खिशात कोंबून ठेवू नका.

चौथी, कान. संवेदनशीलतेचा आकडा पाहा. हातातल्या आजच्या संचांत पट्टी अरुंद असते, त्यामुळे आर्मस्ट्राँगच्या रुंद एफएमइतका स्वच्छ आवाज मिळत नाही, पण शेंडे खुडणारा लिमिटर त्यांच्यातही आहे. एफएमची आणखी एक खोड ध्यानात ठेवा. एकाच चॅनेलवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. म्हणून एकाने बोलायचं, बटन सोडायचं, मग दुसऱ्याने. बटन दाबून धरलं असेल तोवर आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

पाचवी आणि सगळ्यांत मोठी, करून पाहणे. कार्सनचं गणित चूक नव्हतं, पण आर्मस्ट्राँगने मनोऱ्यावर चढून पाहिलं. आम्हीही या वेळी तेच केलं. नव्या जोडीचं खोकं न वाचता आधी जुन्या शहरात गेलो. एक जण असदगडाजवळ, दुसरा मोर्णेच्या पात्रात, मग गल्लीच्या आत. कुठे ऐकू येतं, कुठे नाही, ते वहीत लिहिलं. मग शहानूरला जाऊन, नाक्यावर परवानगी आणि संचाचे कागद दाखवून, त्याच सोंडेच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. आवाज आला नाही. वीसेक पावलं वर सरकलो, आला. ती जागा आता आमच्या वहीत आहे. पुढच्या बॅचचे पोट्टे जाणार असतील तर वही रूममधून घेऊन जा. परत मात्र करा.

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)